नाशिकच्या दिंडोरी रोडचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, जुनं नाव ऐकून परत फिरू नका

पाचपैकी पाच स्टार देतेय आणि पूर्ण विचार करून देतेय. या दुकानाबद्दल आधी कोणी काय काय लिहिलंय ते मी सगळं वाचलंय, चोर आहे, तांब्याच्या नावाखाली अ‍ॅल्युमिनियम भरतो, अ‍ॅडव्हान्स घेतला की फोन उचलत नाही, आणि त्यातलं एकही खोटं नाहीये. हे मी नाही म्हणत, मालक स्वतः म्हणतात. प्रत्येक जुन्या तक्रारीखाली त्यांनी स्वतः उत्तर टाकलंय की तुमचं बरोबर आहे, मी फसवलं होतं, पावती नसली तरी चालेल, मोटर घेऊन या. कुठेही सारवासारव नाही. म्हणून मला वाटलं आताचं काम कसं आहे ते पण कोणीतरी सविस्तर लिहायला पाहिजे, कारण लोक जुन्या दोन-तीन ओळी वाचतात आणि पुढच्या दुकानात जातात.

आधी कामाचं सांगते. आमची बिल्डिंग मखमलाबाद रोडला. बोअरमध्ये तीन एचपीची थ्री फेज सबमर्सिबल आणि खालच्या टाकीतून वर पाणी चढवायला मोनोब्लॉक. मे महिन्यात मोनोब्लॉक जळाली आणि त्याच सुमारास बोअरच्या मोटरचा स्टार्टर सारखा ट्रिप व्हायला लागला, टँकर किती मागवणार, आणि सोसायटीच्या कमिटीत असल्यामुळे पळापळ माझ्याकडेच. प्लंबरने या दुकानाचं नाव सांगितलं तर तिसऱ्या मजल्यावरचे काका लगेच म्हणाले तिथे अजिबात नको, तो माणूस आत जाऊन आलाय. प्लंबर म्हणाला, काका बरोबर बोलताहेत पण माझ्या स्वतःच्या घरची मोटर मी तिथेच टाकतो. मला ते पुरेसं वाटलं, कारण प्लंबर लोक स्वतःच्या घराला काय करतात ते बघून ठरवावं.

दुकानात पहिली गोष्ट म्हणजे मोटर तुमच्यासमोरच खोलतात. आत ठेवून जा, उद्या फोन करतो, असं नाही. आमची मोनोब्लॉक खोलली, जळालेली कॉइल कापून बाहेर काढली आणि एक तार ब्लेडने खरवडून माझ्या हातात दिली. वरून तांबडी, आतून पांढरी. म्हणजे आधी ज्याने कोणी वाइंडिंग केलं होतं (ते दुकान वेगळं, नाव घेत नाही) त्याने तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार भरून पैसे तांब्याचे घेतले होते. मालक म्हणाले, "ताई, हे मला लगेच ओळखू येतं कारण मी स्वतः हेच करायचो." एवढंच बोलले आणि पुढच्या कामाला लागले.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी लिहिते कारण यात सगळ्यांचीच फसवणूक होते. अ‍ॅल्युमिनियमची तार त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेते. मुळात कंपनीने अ‍ॅल्युमिनियम धरूनच मोटर बनवली असेल, तार जाड घेतली असेल, तर काही बिघडत नाही. पण तांब्यासाठी बनवलेल्या मोटरमध्ये त्याच गेजची (जाडीची) अ‍ॅल्युमिनियम भरली की मोटर चालते, पाणी पण चढवते, फक्त तापते, आणि एका सीझनमध्ये कधीतरी जाते. गिऱ्हाईकाला वाटतं व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल. वजनात मात्र लगेच कळतं, अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच भरतं. त्यामुळे या दुकानात तार भरायच्या आधी काट्यावर ठेवून दाखवतात, वजन कार्डावर लिहितात, आणि जुनी जळकी तार असेल ती पिशवीत घालून परत देतात नाहीतर त्या दिवसाच्या भंगाराच्या भावाने बिलातून कमी करतात. जुनी तार परत मिळते हेच बऱ्याच लोकांना माहिती नाही, बहुतेक ठिकाणी ती दुकानदाराचीच असते असं धरून चालतात.

मोनोब्लॉकला इनॅमलची तार, वॉर्निशमध्ये बुडवून ओव्हनमध्ये भाजून काढली. काही ठिकाणी नुसता ब्रश मारून उन्हात ठेवतात, मग ओल लागली की परत शॉर्ट. सबमर्सिबलची आमची पाणी भरलेली मोटर आहे, तिला प्लास्टिकच्या आवरणाची तार लागते, ती वेगळी, तिथे वॉर्निशचा प्रश्नच नाही. पण आमच्या सबमर्सिबलला वाइंडिंगची गरजच नव्हती! बुश झिजले होते आणि केबलचा जॉइंट गेला होता. दुसरं कोणी असतं तर जळाली म्हणून सांगून पूर्ण रिवाइंडिंगचे पैसे घेतले असते आणि मला काय कळणार होतं. यांनी मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून दाखवला, रीडिंग चांगलं आहे बघा, वाइंडिंगला हात लावत नाही. बुश बदलले, जॉइंट नवीन केला, मोटरमध्ये पाणी भरून हवा काढली आणि बोअरमध्ये सोडल्यावर स्वतः येऊन तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने मोजला. तिन्ही जवळपास सारखे आणि प्लेटवर लिहिलेल्या अ‍ॅम्पिअरच्या आत. तेव्हापासून एकदाही ट्रिप नाही.

आता जुन्या नावाचं. हे लिहायच्या आधी मालकांना विचारलंय, ते म्हणाले सगळं लिहा, फक्त बायको-मुलांचं लिहू नका. त्यांनी स्वतः फार थोडं सांगितलं, बाकीचं त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वयस्कर बाईंकडून कळलं ज्या माझ्या आईच्या ओळखीच्या आहेत.

हात पहिल्यापासून चांगला. दिंडोरी, वणी, पेठकडचे शेतकरी मार्केट यार्डात माल घेऊन यायचे तेव्हा येताना मोटर टाकायची, जाताना घेऊन जायची असा धंदा होता. मग दारू, मग उधारी, मग तांब्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियम, आणि त्याच्याही पुढे जाऊन रात्री शेतातून उचललेल्या मोटरी आणि केबल कोणी आणून दिल्या की काही न विचारता घ्यायच्या आणि तांबं काढून विकायचं. ज्याची मोटर विहिरीवरून चोरीला जाते त्या शेतकऱ्याचं काय होतं ते ज्याच्या घरात शेती आहे त्यालाच कळेल. शेवटी केस झाली आणि नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात काही महिने काढले. सुटून आले तेव्हा दुकानाला कुलूप, गल्लीत कोणी बोलेना, भाड्याने खोली मिळेना.

आमच्याकडे चर्चमध्ये साक्षी (प्रभूने आपलं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं) खूप ऐकायला मिळतात. मी लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेय आणि मनापासून सांगते, काही साक्षी मला ऐकवत नाहीत, त्यात पापाचं वर्णन अर्धा तास आणि प्रभू शेवटच्या दोन मिनिटात. आणि ज्याला फसवलं तो माणूस तर त्यात कुठेच नसतो. या मालकांचं मला जे आवडलं, म्हणजे खरं तर त्यांच्या पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं), ते हे की त्यांना साक्ष द्यायला उभंच केलं नाही. सासूबाई प्रार्थनेला जायच्या, त्या एका संध्याकाळी हाताला धरून घेऊन गेल्या, हे मागच्या बाकावर बसले, रडले, पुढच्या आठवड्यात परत गेले. दारू सुटली. ती कशी सुटली विचारलं तर म्हणतात, माझ्या हिमतीवर सुटायची असती तर दहा वर्षं आधी सुटली असती, प्रभूने सोडवली. मग बाप्तिस्मा घ्यायचा म्हणाले तेव्हा पाळकांनी विचारलं, तुझी गिऱ्हाइकांची वही आहे का? ती घेऊन ये.

वही होती. गाव, माणसाचं नाव, किती एचपी, किती पैसे. दोघांनी मिळून बसून कोणाकोणाला फसवलं ती नावं लाल पेनाने काढली. पाळकांनी जक्कयाची गोष्ट वाचली. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात आहे ती, यरीहोचा मुख्य जकातदार, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला आणि येशू त्याच्याच घरी उतरला तर सगळं गाव कुरकुरलं की पापी माणसाच्या घरी गेलाय. त्या जक्कयाने कोणी न मागता सांगितलं की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. यांच्याकडे चौपट द्यायला काही नव्हतंच, एकपट पण नव्हतं. मग ठरलं की मजुरी स्वतःची, तार तांब्याची, आणि ज्याची मोटर खराब केली त्याला फुकट भरून द्यायची, एक-एक करून. चोरीच्या मालाचं वेगळं, ती केस कोर्टात आहे आणि तिथे जे होईल ते होईल, त्यातून पळायचं नाही हे पण तेव्हाच ठरलं.

तार उधार कोण देणार? होलसेलवाल्याने तोंडावर नाही म्हटलं आणि त्याचं काही चुकलं नाही, त्याचे पण जुने पैसे बुडालेले. तेव्हा पाळक स्वतः त्याच्या दुकानात गेले आणि म्हणाले हा जे नेईल ते माझ्या नावावर लिहा. ज्यांनी बायबल वाचलंय त्यांना हे कुठून आलं ते कळेल. येशूचा प्रेषित पौल याने तुरुंगातून फिलेमोनाला लिहिलेलं पत्र, एकाच अध्यायाचं, अनेसिम नावाच्या गुलामाला त्याच्या मालकाकडे परत पाठवतोय आणि लिहितो की त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबात धर. मी ते पत्र कितीदा वाचलंय, पण नाशिकमधला एक साधा पाळक, ज्याला पगार किती असेल आपल्याला माहितीच आहे, तो तारेच्या बंडलांसाठी खरंच जाऊन उभा राहतो हे ऐकल्यावर मला बरेच दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. आता ती उधारी फिटलीये आणि होलसेलवाला यांना सरळ माल देतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत हे नवीन नाही खरं तर. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये कृपा सदन काढलं ते समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठीच, तिथे प्रार्थनेबरोबर हाताला काम होतं, छापखान्यापर्यंत. आपल्या शरणपूरला पण एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या वस्तीत आफ्रिकेतल्या गुलामगिरीतून सोडवलेल्या मुलांना अक्षरओळखीबरोबर सुतारकी-लोहारकी शिकवायचे, त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टनचा मृतदेह घेऊन लंडनपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत होता. त्या मुलांनी काही गुन्हा केलेला नव्हता, ती गोष्ट वेगळी, पण शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहिती आहे? श्रद्धा आणि हातातलं काम वेगळं नाही हे आपल्या गावात कधीपासून चालत आलंय एवढंच मला म्हणायचंय.

दुकानात भिंतीवर वाइंडिंग मशीनच्या वर एक वचन रंगवलंय, बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं, ४:२८. त्याचा अर्थ असा की चोरी करणाऱ्याने आता चोरी करू नये, स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत म्हणजे गरजूला द्यायला त्याच्याजवळ काहीतरी असेल. बाकी क्रूस नाही, फोटो नाही, गाणी लावलेली नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने शंका काढली की देवाचं नाव घेऊन गिऱ्हाईक जमवत असेल. मी तरी तिथे असेपर्यंत त्यांनी कोणाला धर्माबद्दल एक शब्द ऐकवलेला नाही. गळ्यात तुळशीची माळ असलेले शेतकरी बसलेले असतात, त्यांना "माउली चहा घ्या" म्हणून चहा देतात. कोणी विचारलंच तर सांगतात, आणि सांगताना आवाज खाली येतो.

मी त्यांना विचारलं होतं की दुकानाचं नाव का नाही बदललं, गल्ली बदलली असती, नवीन बोर्ड लावला असता तर हे जुनं सगळं मागे राहिलं असतं. म्हणाले बऱ्याच लोकांनी तोच सल्ला दिला. "पण ताई, ज्याला मी फसवलं तो मला शोधत आला तर त्याला मी सापडायला पाहिजे ना." आणि म्हणाले देवाने मला माफ केलं, ते मला कळलंय, पण म्हणून गिऱ्हाइकाने पण माफ करावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू. आमच्यात काहीजणांना वाटतं बाप्तिस्मा झाला की पाटी कोरी. देवासमोर होते, माझा पण तोच विश्वास आहे. पण वणीच्या शेतकऱ्याची जळालेली मोटर त्याच्या बांधावर तशीच पडलेली असते, तिचं काय? या माणसाने ती उचलून आणली आणि भरून दिली, म्हणून मला त्याच्या विश्वासाबद्दल आदर वाटतो.

सगळ्यांनी माफ केलेलं नाही हे पण लिहायला पाहिजे. माझे मामा दिंडोरी तालुक्यात आहेत, द्राक्षबाग आहे, त्यांची मोटर यांनीच तेव्हा अ‍ॅल्युमिनियमने भरून दिली होती आणि ती ऐन मण्यात पाणी भरायच्या वेळी जळाली. ज्याला द्राक्षं माहिती आहेत त्याला सांगायला नको, ऑक्टोबरची छाटणी झाल्यापासून माल निघेपर्यंत पाण्याचा एक आठवडा चुकला तरी काय होतं. मामांचं त्या वर्षी खूप नुकसान झालं. मालक त्यांच्या घरी गेले होते, वहीतलं नाव दाखवलं, मोटर नेली, तांब्याने भरून आणून दिली. मामांनी ठेवून घेतली पण घरात बसा म्हणाले नाहीत आणि आजही मोटर दुसरीकडे टाकतात. मामी म्हणते आता सोडा की, मामा म्हणतात तू गप. मी मामांना काही म्हणणार नाही. मोटर परत आली, त्या वर्षीची बाग परत येत नाही, आणि मालक पण तेच म्हणतात, त्या बागेचं माझ्याकडून अजून राहिलंय. दरवर्षी छाटणीच्या आधी ते फोन करून मोटर बघून जाऊ का विचारतात. मामा नको म्हणतात. पुढच्या वर्षी परत फोन येतो.

वहीतल्या अर्ध्याहून जास्त नावांवर आता बरोबरची खूण झालीये, काहीजण वारले, काहींनी जमिनी विकल्या, पत्ता लागत नाही. वयस्कर बाई म्हणाल्या पाळकांनी बाप्तिस्मा वही पूर्ण व्हायच्या आधीच दिला, नाहीतर वही पूर्ण करणं हीच तारणाची (देवाने पापातून सोडवण्याची) फी आहे असं त्याला वाटलं असतं. हे मला फार बरोबर वाटलं. काम आधी सुरू करायला लावलं पण त्यावर अडवून नाही ठेवलं.

आता काय आवडलं नाही ते. वेळ लागतो. मोनोब्लॉकला आठवडा गेला, ओव्हन एकच आहे आणि हाताखाली एकच मुलगा (तो पण आत जाऊन आलेला आहे, त्याला काम शिकवताहेत, त्याच्याशी नीट बोला). रेट बाजारापेक्षा थोडा जास्त आहे, पण तार खरी आहे त्यामुळे तो जास्त म्हणावा का मला माहिती नाही, जुन्या तांब्याचे पैसे वजा केले की फरक फारसा राहत नाही. रविवारी दुकान पूर्ण बंद, तुमच्या सोसायटीत कितीही पाणीटंचाई असो. सकाळी उपासना असते आणि दुपारी ते वही घेऊन गावांकडे जातात. शेतकऱ्यांना सीझनमध्ये हे अडचणीचं होतं, मी त्यांना म्हटलं निदान अर्जंटसाठी एक स्पेअर मोटर भाड्याने देत जा, म्हणाले बघतो. फोन कामात असताना उचलत नाहीत, संध्याकाळी सातनंतर करा, तेव्हा नक्की उचलतात. पूर्वीच्या रिव्ह्यूमध्ये फोन उचलत नाही असं आहे, ते तेव्हाचं.

अ‍ॅडव्हान्स घेत नाहीत. कोणी देऊ केला तरी नाही. काम झाल्यावर, चालवून बघितल्यावर पैसे.

जाणार असाल तर दिंडोरी रोडने मार्केट यार्डाच्या पुढे गेल्यावर डाव्या हाताच्या गल्लीत आहे. गल्ली अरुंद आहे, टेम्पो आत जात नाही, कोपऱ्यावर लावून हातगाडी मागवा, ते पाठवतात. कार्ड मागून घ्या, त्यावर तारेचं गेज, वजन, मेगरचं रीडिंग आणि करंट लिहिलेला असतो, पुढच्या वेळी दुसरीकडे मोटर टाकली तरी ते कार्ड उपयोगी पडतं. आणि तुमची मोटर यांनीच पूर्वी कधी भरलेली असेल आणि ती जळाली असेल तर घरातलं जुनं बिल शोधत बसू नका, गावाचं आणि घरातल्या माणसाचं नाव सांगा, वहीत सापडेल.